मणी, वेणी आणि नारिंगी शर्ट

एक नात आजीबरोबर बागेत काम करते आहे. हात चालू असताना तिचे प्रश्नही चालू असतात. आजी, तू एवढे रंगीबेरंगी कपडे का घालतेस? केस एवढे लांब का ठेवतेस? क्री भाषेत का बोलतेस? सारखी आपल्या भावाबरोबर का असतेस? आजी एकेका प्रश्नाचं उत्तर देत जाते. ती लहान असताना तिला घरापासून लांबच्या शाळेत नेलं होतं. तिथे सगळ्यांना एकसारखे कपडे घालावे लागत. केस कापून टाकले होते. आपली भाषा बोलायची बंदी होती आणि बहीण-भावांना एकमेकांजवळ येऊ देत नसत. पण मोठ्यांची पाठ वळली की मुलं पानगळीच्या ढिगाऱ्यात लोळून स्वतःला रंगीत करून घेत, गवताची लांब पाती कापलेल्या केसांत गुंफत, आपल्या भाषेत कुजबुजत, एकमेकांचे हात धरत. आज आजीला कुणी अडवत नाही. म्हणून ती रंगीत कपडे घालते, वेणी घालते, क्री बोलते, भावाला भेटते.

‘व्हेन वी वेअर अलोन’ हे ते पुस्तक. लिहिलं डेव्हिड ए. रॉबर्टसन यांनी, चित्रं ज्युली फ्लेट यांची. दोघंही कॅनडातल्या मूलनिवासी समाजांतले: रॉबर्टसन क्री, फ्लेट क्री-मेटी. विनिपेगच्या हायवॉटर प्रेसने ते २०१६मध्ये काढलं आणि पुढच्याच वर्षी सचित्र बालपुस्तकासाठीचा गव्हर्नर जनरल पुरस्कार त्याला मिळाला. पुस्तकाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी आधी नातीचा प्रश्न येतो, मग काय हिरावलं गेलं ते, मग मुलांनी चोरून काय केलं ते, आणि शेवटी आजी आज काय करते ते. हिरावलेल्या गोष्टीपाशी कथा थांबत नाही. तिच्या पाठोपाठ हाताने केलेली एखादी कृती येतेच. वाचणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या शाळेचं भय कळतं, पण तो त्या भयात अडकून पडत नाही, कारण आजी समोर उभी आहे, धडधाकट, केसांची वेणी घातलेली. ‘शांत हो’, ‘खोल श्वास घे’, ‘आता बरं वाटतंय ना?’ असलं एकही वाक्य पुस्तकात नाही.

मुलांचं मन सावरणाऱ्या पुस्तकांची सध्या बाजारात रेलचेल आहे. रागाचा राक्षस, भीतीचा फुगा, चिंतेचा ढग. त्यांतली काही चांगलीही आहेत. पण बहुतेकांत मूल एकटं असतं: त्याची भावना, त्याचा श्वास, त्याने एक ते दहा मोजायचं. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लेखक-चित्रकारांनी गेल्या दोन-तीन दशकांत जी बालपुस्तकं केली, त्यांत मूल क्वचितच एकटं असतं. आजी असते, मावशी असते, नदी असते, भाकरीचा वास असतो. मन ठिकाणावर येतं ते कुणाच्या तरी शेजारी बसून काहीतरी करताना. हाती असलेलं हे पुस्तक अशा बालपुस्तकांची आणि त्यांच्या अंगाने येणाऱ्या कामांची, खेळांची मराठी वाचकांना ओळख करून देण्यासाठी आहे. शिक्षक, बालवाचनालय चालवणारी मंडळी, समुपदेशक आणि आई-बाबा हे त्याचे वाचक.

त्यांतही एक वाचकवर्ग खास डोळ्यांसमोर आहे. कॅनडातल्या मराठी घरांत सप्टेंबर संपत आला की एक प्रसंग ठरलेला. मूल शाळेतून येऊन सांगतं, उद्या नारिंगी शर्ट पाहिजे. आई-बाबा धावतपळत शर्ट आणतात आणि तो कशासाठी, हे पोराच्याच तोंडून ऐकतात.

त्या शर्टाची गोष्ट ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळची. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या होत्या. साल १९७३. निवासी शाळेत जायचं म्हणून आजीने नवा कोरा, चमकदार नारिंगी शर्ट घेऊन दिला. शाळेत पोचल्यावर अंगावरचे कपडे काढून घेतले, शर्टही गेला, तो पुन्हा कधी मिळाला नाही. चाळीस वर्षांनी, २०१३मध्ये, त्यांनी ही हकिकत जाहीरपणे सांगितली आणि त्यातून नारिंगी शर्टाचा दिवस सुरू झाला. २०१८मध्ये ‘द ऑरेंज शर्ट स्टोरी’ हे बालपुस्तक आलं. २०२१पासून ३० सप्टेंबर हा कॅनडात सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

त्या शाळांबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं गोडगोड वाटेल. सरकारी पैसा आणि चर्चची व्यवस्था अशी ही निवासी शाळांची साखळी १८८०च्या दशकापासून देशभर पसरली. १९२०मध्ये कायदा बदलून मुलं पाठवणं सक्तीचं झालं. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९०चं दशक सरत आलं. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी समाजांतली सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. उपासमार, क्षय, मारहाण, लैंगिक अत्याचार हे सगळं तिथे घडलं. नोंद सापडलेल्या बालमृत्यूंचा आकडाच चार हजारांच्या वर आहे. अनिशिनाबे समाजातले न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगाने साडेसहा हजारांहून अधिक लोकांचं म्हणणं ऐकलं आणि २०१५मध्ये ९४ शिफारशी मांडल्या. मे २०२१मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या शाळेच्या आवारात रडार तपासणीत कबरींसारख्या खुणा आढळल्याची बातमी आली, तेव्हा हा विषय कॅनडातल्या घराघरांत पोचला.

पण बालपुस्तकांच्या दृष्टीने आकड्यांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. या शाळांनी दुखावलेली मुलं मोठी झाली, आई-बाप झाली. त्यांना कुणी मायेने वाढवलेलं नव्हतं, त्यामुळे लेकरांना जवळ कसं घ्यायचं हे त्यांना पाहून शिकताच आलं नव्हतं. ज्यांनी आपल्या भाषेपायी मार खाल्ला, त्यांनी आपल्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून घरात ती भाषा बोलणंच सोडलं. मायेपोटीच सोडलं, आणि त्या मायेनेच नातवंडं मुकी झाली. लाकोटा समाजातल्या समाजकार्याच्या अभ्यासक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी पिढ्यान्‌पिढ्या साचत जाणाऱ्या अशा जखमेची मांडणी केली. ती पुढे अमेरिका-कॅनडाच्या बाहेरही अभ्यासली गेली.

चित्रपुस्तक इथे उपयोगी पडतं ते एका साध्या कारणाने. ते दोघं मिळून वाचतात. मांडीवर मूल असतं, पण पान उलटणारा हात मोठ्या माणसाचा असतो, आणि ते माणूसही दुखावलेलं असू शकतं. ज्या आजोबांना आपल्या शाळेबद्दल पन्नास वर्षांत एक अक्षर बोलता आलं नाही, त्यांच्या हाती बत्तीस पानं येतात, ज्यांतलं प्रत्येक वाक्य पाच वर्षांच्या मुलाला सांगण्याजोगं आहे. किती सांगायचं, कुठे थांबायचं, याचा बेत लेखकाने आधीच करून ठेवलेला असतो. ही बालपुस्तकं निम्मी मोठ्यांसाठी आहेत असं मला वाटतं, आणि मोठ्यांना हे उघडपणे सांगावं लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

ही पुस्तकं आपोआप उगवली नाहीत. पूर्वी मूलनिवासी मुलांना पुस्तकांत स्वतःचं रूप दिसायचं ते पिसांचा टोप घालून आरोळ्या ठोकणाऱ्या माणसांचं, तेही दुसऱ्यांनी काढलेलं. १९८०मध्ये ब्रिटिश कोलंबियात थेटस बुक्स आणि मॅनिटोबात पेमिकन पब्लिकेशन्स या मूलनिवासी प्रकाशनसंस्था सुरू झाल्या. उत्तरेला इकालुइटमध्ये २००६पासून इनहॅबिट मीडिया ही इन्युइट मालकीची संस्था आपल्या लोकांच्या कथा इन्युइट भाषेतही छापते. अमेरिकेत नाम्बे पुएब्लो समाजातल्या डेबी रीस यांनी त्याच वर्षापासून एकेक बालपुस्तक तपासून त्यातला खोटेपणा दाखवून द्यायला सुरुवात केली. त्यांची परीक्षणं तिखट असतात. गाजलेली पुरस्कारप्राप्त पुस्तकंही त्यांतून सुटत नाहीत. २०२१मध्ये ‘वी आर वॉटर प्रोटेक्टर्स’साठी ट्लिंगिट चित्रकार मिकेला गोएड यांना कॅल्डेकॉट पदक मिळालं. १९३८पासून दिल्या जाणाऱ्या या पदकावर मूलनिवासी चित्रकाराचं नाव कोरलं जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता पुस्तकांकडे. ढोबळ मानाने त्यांत दोन धारा दिसतात, दुःखाची आणि आनंदाची. दुःखाच्या धारेत निकोला कॅम्पबेल यांचं ‘शी-शी-एट्को’ (२००५) मला सगळ्यांत जवळचं. मुलीला निवासी शाळेत जायला चार दिवस उरले आहेत. कथा शाळेत पाऊलही टाकत नाही. ते चार दिवसच कथा. आई तिला ओढ्यावर अंघोळीला नेते, वडील होडीतून फिरवून आणतात, आजी रानात नेऊन झाडांची ओळख करून देते आणि आठवणी ठेवायला एक चामड्याची पिशवी देते. पोर तिच्यात पानं-फुलं गोळा करते आणि निघताना पिशवी एका मोठ्या झाडाच्या मुळाशी ठेवून जाते, परत येईपर्यंत सांभाळ म्हणून. वसतिगृहात निघालेल्या, परगावी नातेवाइकांकडे राहायला चाललेल्या, घर बदलणाऱ्या कुठल्याही मुलाबरोबर हे करता येतं. त्याला पिशवी द्या, त्याच्या ओळखीच्या वाटांवरून चालवा, काय घ्यायचं ते त्यालाच ठरवू द्या. हाती असलेल्या या पुस्तकात पुढे हा उपक्रम सविस्तर येतो.

‘आय अ‍ॅम नॉट अ नंबर’ (२०१६) जास्त बोचरं आहे. जेनी के ड्यूपुई यांनी आपल्या आजीची खरी हकिकत कॅथी केसर यांच्यासह लिहिली. १९२८ साल, निपिसिंग तळ्याकाठचं गाव, आठ वर्षांची आयरीन. शाळेत तिचं नाव जातं आणि ७५९ हा क्रमांक चिकटतो. पण मुलांना वाचून दाखवताना या पुस्तकाचा शेवट अजिबात गाळू नये. सुट्टीत घरी आलेल्या मुलांना परत न्यायला सरकारी माणूस येतो, तेव्हा बाप त्यांना आपल्या कामाच्या जागी लपवतो आणि त्या माणसाला परतवून लावतो. ऐकणारं मूल आतल्या आत एकच प्रश्न विचारत असतं: माझ्यावर अशी वेळ आली तर मला कुणी वाचवेल का? त्याचं उत्तर त्या शेवटात आहे.

आनंदाच्या धारेला बरेच जण हलकं समजतात. मी तसं समजत नाही. मोनिक ग्रे स्मिथ यांच्या ‘माय हार्ट फिल्स विथ हॅपिनेस’मध्ये (२०१६) गोष्ट अशी नाहीच. चुलीत भाजल्या जाणाऱ्या भाकरीचा वास, गालावर खेळणारं ऊन, अनवाणी पायांखालचं गवत, ढोल वाजवणं, जिवलगाचा हात हातात असणं, गोष्टी ऐकणं. एकेका पानावर सुखाची एकेक गोष्ट, आणि शेवटी मुलालाच प्रश्न की तुझं मन कशाने भरून येतं. जाड पुठ्ठ्याची पानं, दीड वर्षाच्या बाळानेही चावावीत अशी. चित्रं ज्युली फ्लेट यांचीच: रंगांचे सपाट, शांत आकार, भोवती भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत निवांत बसलेली माणसं. ज्या समाजाच्या मुलांचं चित्र पुस्तकांत शंभर वर्षं एकतर रानटी नाहीतर बिचारं असंच आलं, त्या मुलांना उन्हात नुसतं बसलेलं, हसणारं दाखवणं यात धाडस आहे. मुलाला फक्त आपल्या माणसांच्या दुःखाची पुस्तकं देत राहिलं, तर आपण म्हणजे दुःख असंच ते धरून चालेल.

या दोन्हींच्या मध्ये भावनांना नाव देणारी पुस्तकं येतात. डॅनिएल डॅनियल यांच्या ‘समटाइम्स आय फील लाइक अ फॉक्स’मध्ये (२०१५) बारा प्राणी आहेत. आपल्याला कधी कोल्ह्यासारखं, कधी अस्वलासारखं, कधी हरणासारखं का वाटतं, ते मुलं चार-चार ओळींत सांगतात. वर्गात याचा फार चांगला उपयोग होतो. ‘तुला काय वाटतंय?’ या प्रश्नाला खांदे उडवणारं मूल ‘आज तू कोण?’ या प्रश्नाला लगेच उत्तर देतं. पण एक सावधगिरी हवी. अनिशिनाबे परंपरेत प्राण्यांशी कुळांचं नातं असतं, देवकासारखं. ‘चला, प्रत्येकाने आपलं कुळ निवडा’ असा खेळ वर्गात करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं देवक उचलून आणणं. ‘आज कोणत्या प्राण्यासारखं वाटतंय’ एवढ्यावर थांबावं.

आता कामं आणि खेळ. मणीकाम घेऊ. लहान काचेचे मणी, बारीक सुई, मेण लावलेला दोरा, खाली जाड कापड. पाच-सहा मणी ओवायचे, नक्षीच्या रेषेवर टेकवायचे, मग दुसऱ्या सुईने मण्यांमधून वर येऊन दोऱ्यावर टाका घालत त्यांना जागच्या जागी बसवायचं. हात मंद होतो, डोळे एका ठिकाणी स्थिरावतात, श्वास आपसूक लांबतो. ‘मन शांत करणारा उपक्रम’ म्हणून याहून चांगलं काही सापडणार नाही असं कुणालाही वाटेल. पण मणीकाम करणाऱ्या अनेक मूलनिवासी बायका मुलांना शिकवताना पहिली गोष्ट सांगतात ती अशी की मन बिघडलेलं असताना सुई हातात घेऊ नये. आधी जरा चालून ये, पाणी पी, कुणाशी तरी बोल. कारण तू जे करतेस ते कुणाला तरी द्यायचं आहे, आणि तुझ्या मनात असेल ते त्यात उतरणार. अनेक जणी नक्षीत मुद्दाम एखादा वेगळ्या रंगाचा मणी घालतात, बिनचूकपणा माणसाचं काम नाही म्हणून.

आपल्या ‘शांत कोपऱ्या’च्या कल्पनेच्या हे नेमकं उलट आहे. आपण चिडलेल्या मुलाला बाजूला बसवतो आणि हातात काहीतरी देतो, म्हणजे ते एकटं बसून निवेल. इथे चिडलेल्या मुलाला आधी माणसं मिळतात, काम नंतर, आणि कामही दुसऱ्या कुणासाठी. ही सगळी पुस्तकं आणि खेळ चाळून माझ्या हाती जे लागलं, ते बहुतेक एवढंच आहे. जखम नात्यांवर झाली, म्हणून औषधही नात्यांतूनच दिलं जातं. मणी, ढोल, वेणी ही त्या नात्याची निमित्तं.

सिंथिया लाइटिच स्मिथ यांच्या ‘जिंगल डान्सर’मध्ये (२०००) हे फार सुंदर आलं आहे. मस्कोगी समाजातल्या जेनाला आजीसारखं जिंगल नृत्य करायचं आहे. त्यासाठी झग्यावर धातूच्या छोट्या शंकूंच्या ओळी लागतात. नाचताना त्या एकमेकींवर आपटून पावसासारखा आवाज करतात. जेनाकडे शंकू नाहीत आणि विकत मागवायला वेळ नाही. ती नात्यातल्या आणि शेजारच्या चार बायांकडे जाते आणि प्रत्येकीकडून एकच ओळ मागून घेते. सगळ्या घेतल्या तर त्या बाईच्या झग्याचा आवाज जाईल ना! मग ती त्या चौघींसाठी नाचते. त्यांतली एक म्हातारी आहे, तिचे पाय आता साथ देत नाहीत. तिच्यासाठीही जेना नाचते. या नृत्याचा उगम ओजिब्वे लोक १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळात सांगतात. आजारी मुलीसाठी बापाला स्वप्नात हा झगा आणि हे नृत्य दिसलं. सुरुवातीचे शंकू तंबाखूच्या डब्यांच्या झाकणांपासून वळलेले. २०२०च्या वसंतात कोविडमुळे मेळावे बंद झाले, तेव्हा बायका आपापल्या अंगणात हे नृत्य करून त्याचे व्हिडिओ एकमेकींना पाठवत होत्या.

इन्युइट बायकांचा कंठगायनाचा खेळ याहून हसरा. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, हात एकमेकींच्या खांद्यांवर. एकीने घशातून आवाज काढायचा, दुसरीने मधल्या फटीत आपला घालायचा. जी आधी हसेल किंवा जिचा श्वास तुटेल ती हरली. मिशनऱ्यांनी हे बंद पाडलं होतं. गेल्या काही दशकांत म्हाताऱ्यांकडून शिकून मुलींनी ते परत आणलं. श्वासाचा व्यायाम म्हणाल तर यात पुरेपूर आहे, पण सगळा वेळ समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत.

एका टोकाला हा गलका, तर दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाच्या डेली नदीकाठच्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी १९८८मध्ये जगापुढे मांडलेलं ‘दादिर्री’. नदीकाठी, झाडाखाली गप्प बसून आतून ऐकणं. घाई करायची नाही. मुलांना याची वेगळी शिकवणी नसते. मोठे बसतात, मुलं शेजारी बसतात.

यांतलं काय उचलावं आणि काय नाही, याबद्दल मी जरा कडक आहे. मणी ओवणं, गवताची तीनपेडी वेणी, दोरीचे खेळ, गोल बसून पाळीपाळीने बोलणं, ज्याच्या हातात काठी तोच बोलेल हा नियम, हे कुणीही करावं, कुणाचं आहे ते सांगून करावं. सेज, देवदार, स्वीटग्रास यांची धुरी देण्याचा विधी, पवित्र नळी, नाचाचा पेहराव यांना हात लावू नये. धुरीच्या या वनस्पतींच्या जुड्या आता अगरबत्तीसारख्या ऑनलाइन विकल्या जातात. १९५१पर्यंत कॅनडात ज्यांच्या समारंभांवर कायद्याने बंदी होती, त्यांच्या विधीची वर्गात नक्कल करणं शोभत नाही.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का? मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे फर्स्ट नेशन्स समुदायांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास केला आणि १९९८मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की सगळीकडे दर सारखा नाही. काही गावांत तो भयानक, तर बऱ्याच गावांत जवळजवळ शून्य. जिथे शाळा, आरोग्यसेवा, स्थानिक कारभार, सांस्कृतिक जागा आपल्या लोकांच्या हाती होत्या, जमिनीच्या हक्कासाठी लढा चालू होता, तिथे दर कमी. २००७मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भाषेकडे पाहिलं. जिथे निम्म्याहून अधिक लोकांना आपली भाषा बोलता येत होती, तिथेही तेच चित्र. यावरून अमुक पुस्तक वाचलं की तमुक बरं होतं असं कुणी म्हणू नये, अभ्यासकांनीही म्हटलेलं नाही. पण आजी, भाषा आणि जमीन ही तीन पात्रं या बालपुस्तकांत सारखी का येतात, ते यातून समजतं.

आणि पुस्तकांनी नळाला स्वच्छ पाणी येत नाही. गिटक्सान समाजातल्या सिंडी ब्लॅकस्टॉक हे कधी विसरू देत नाहीत. मूलनिवासी मुलांच्या सेवांवर सरकार कमी पैसा खर्च करतं, अशी तक्रार त्यांच्या संस्थेने २००७मध्ये मानवी हक्क आयोगाकडे केली. मानवी हक्क न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षं चाललेल्या सुनावण्यांना ‘स्पिरिट बेअर’ नावाचं एक खेळण्यातलं अस्वल हजर असायचं आणि शाळकरी मुलं त्याच्याबरोबर येऊन बाकांवर बसायची. २०१६च्या जानेवारीत निकाल लागला की सरकारने भेदभाव केला. पुढे २३ अब्ज डॉलरहून मोठ्या भरपाईला न्यायालयाची मंजुरी मिळाली. त्या अस्वलाच्या नावाची बालपुस्तकंही निघाली. मुलाला ‘तुझं मन सांभाळ’ असं शिकवताना ‘तुझ्यावर अन्याय होतोय आणि तो थांबवता येतो’ हेही शिकवायचं, हा ब्लॅकस्टॉक यांचा मार्ग मला पटतो.

मराठी वाचकाला हे वाचताना आश्रमशाळा आठवणारच. बरोबरी करण्याचा मोह मात्र आवरावा. मुलांना आई-बापांपासून तोडण्याचा कायदा इथे नव्हता, आणि आश्रमशाळांत शिकून उभ्या राहिलेल्या पिढ्या आहेत. तरीही सहा वर्षांचं वारली, कातकरी, कोरकू किंवा गोंड पोर वसतिगृहात येतं तेव्हा पहिल्या रात्री त्याच्या कानावर घरची बोली पडत नाही, हे खरंच आहे. या बाबतीत आपल्याकडे रस्ता दाखवणारी माणसं फार आधी होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया मुलांच्या हाती दिल्या. शिकणं मुलाच्या घरापासून तुटू नये, ही काळजी तिथे होती.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण मागे आहोत. चेन्नईच्या तारा बुक्सने रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांना घेऊन ‘डू!’ हे देखणं पुस्तक काढलं. वारली चित्रं चहाच्या कपांवर, कुर्त्यांवर, सरकारी भिंतींवर सगळीकडे आहेत. पण वारली आजी वारलीत नातवाशी बोलते आहे असं चित्रपुस्तक दुकानात मागून पाहा. मराठी बालसाहित्याने यातून काय घ्यायचं ते इथूनच सुरू होतं: डोंगरपाड्यावरच्या लेखकाला, चित्रकाराला पानं द्यायची आणि आपण प्रस्तावना लिहायलाही बसायचं नाही.

आता मांडणीबद्दल. प्रकरणांचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आनंदाची पुस्तकं आधी, मग भावना ओळखण्याची, मग निरोपाची, आणि निवासी शाळांची शेवटी. प्रत्येक पुस्तकापुढे वय दिलं आहे, पण आपलं मूल आपल्यालाच ठाऊक. ‘आय अ‍ॅम नॉट अ नंबर’ आठ वर्षांच्या आत देऊ नये, आणि नुकतंच वसतिगृहात आलेल्या मुलाला तर कोणत्याही वयात पहिल्या काही महिन्यांत देऊ नये. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असं विचारू नका. मूल बोललं तर ऐका, नाही बोललं तर पुढच्या पानावर दिलेलं काम दोघांनी मिळून करायला घ्या. कामाला लागणारं साहित्य गावच्या बाजारात मिळेल एवढंच आहे: सुतळी, मणी, कापडाचे तुकडे, बिया, जुनी पिशवी. मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, ती तोंडात घालतात.